'थायरॉइड आहे' म्हणजे काय आहे? एका 'नॉर्मल'चा दीडशे वर्षांचा इतिहास

मराठीत आपण "बाबांना शुगर आहे", "काकांना बीपी आहे" म्हणतो, तसंच "मावशीला थायरॉइड आहे" असंही म्हणतो. खरं तर थायरॉइड सगळ्यांनाच असतं. गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिचं नाव होतं 'अवटू ग्रंथी', आणि परीक्षा झाली की आपण ते विसरून गेलो. पण घरोघरी हा शब्द आजाराचं नाव म्हणूनच रुळला आहे, आणि बहुतेक वेळा तो कुणा ना कुणा बाईबद्दलच बोलला जातो.

या आठवड्याच्या भागात वेळेअभावी एक प्रश्न नीट मांडता आला नाही, तो इथे सविस्तर घेऊ. समजा, दुबईत नोकरी करणाऱ्या तुमच्या ३२ वर्षांच्या आतेबहिणीने हेल्थ चेकअप केलं आणि टीएसएच ४.८ आलं. त्याच महिन्यात पुण्यात तुमच्या ६८ वर्षांच्या आईचं टीएसएच ६.१ आलं. दोन्ही रिपोर्टांवर आकडा ठळक अक्षरात आणि शेजारी 'हाय'. फॅमिली ग्रुपवर लगेच निदान होतं: "म्हणूनच वजन वाढतंय! गोळी सुरू करा." या दोन आकड्यांचा अर्थ एकच आहे का? आणि वजनाशी त्यांचा खरंच किती संबंध आहे? उत्तर शोधायचं तर रिपोर्टवरची ती 'नॉर्मल रेंज' कुठून आली, कुणाला मोजून आली, हे पाहावं लागतं.

बायकांचा आजार

या ग्रंथीला थायरॉइड हे नाव दिलं लंडनच्या थॉमस व्हार्टन यांनी, १६५६ साली. ढालीसाठीच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. ग्रंथी काय काम करते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. व्हार्टन यांचा एक अंदाज असा की गळ्याला गोलाई आणि शोभा यावी म्हणून ती असावी, आणि बायकांमध्ये ती मोठी असते ती त्याचसाठी. म्हणजे थायरॉइडच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर स्त्री आहे, पण दागिना म्हणून.

पुढची दोनशे वर्षंही रुग्ण म्हणून समोर येतात त्या बायकाच. १८३५ साली डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी छातीत धडधड आणि सुजलेली ग्रंथी असलेल्या तीन स्त्रियांचं वर्णन केलं. आज आपण ज्याला ग्रेव्हज डिसीज म्हणतो, तो हा. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल यांनी पाच प्रौढ स्त्रियांबद्दल निबंध वाचला: चेहरा सुजट, बोलणं जड, हालचाल मंद, सतत थंडी वाजणारी. काही वर्षांत विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला 'मिक्सिडिमा' हे नाव दिलं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'मध्यमवयीन स्त्रिया' हे शब्द होते. १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी ग्रंथीत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेल्या चार रुग्णांचं वर्णन केलं. चौघीही स्त्रियाच. आज जिथे आहारात आयोडीन पुरेसं आहे, तिथे थायरॉइड मंदावण्याचं सर्वांत मोठं कारण हाशिमोतो यांच्याच नावाने ओळखलं जातं. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते, हे मात्र कळायला १९५६ साल उजाडावं लागलं.

गल आणि ऑर्ड यांनी पाहिलेल्या बायकांना नेमकं काय झालं होतं, याचा पुरावा आला स्वित्झर्लंडमधून, आणि तो फार महागात पडला. डोंगराळ भागात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड घरोघरी. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंड काढण्यात निष्णात होते. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी पूर्ण काढली. पुढे ती सुस्त आणि मंद होत गेल्याचं कानावर आलं, पण ते गांभीर्याने घ्यायला वेळ लागला. १८८३ साली कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावून तपासले, तेव्हा संपूर्ण ग्रंथी काढलेल्या बहुतेकांची अवस्था तशीच झालेली दिसली. त्यांनी हे लपवलं नाही, जाहीरपणे मांडलं. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने त्यावर समिती नेमली. शंभरहून अधिक रुग्णांची माहिती गोळा झाली, त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. १८८८ च्या अहवालाचा निष्कर्ष होता की मिक्सिडिमा, क्रेटिनिझम आणि शस्त्रक्रियेनंतरची अवस्था, तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: थायरॉइडचं काम थांबणं.

मेंढीची ग्रंथी आणि शरीराची भट्टी

कारण कळल्यावर उपाय सुचायला फार वेळ लागला नाही. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडच्या अर्काची इंजेक्शनं दिली. ती बरी झाली. पुढे औषध तोंडावाटे देता येऊ लागलं, आणि ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली. १९१९ साली वयाच्या ७४ व्या वर्षी ती वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशोब स्वतः मरे यांनी दिला आहे.

चयापचयाशी नातं जुळलं ते १८९५ मध्ये. बर्लिनमध्ये आडोल्फ मॅग्नस-लेव्ही रुग्ण श्वासावाटे किती ऑक्सिजन वापरतात ते मोजत होते. मिक्सिडिमाच्या रुग्णांत तो कमी, ग्रेव्हजच्या रुग्णांत जास्त, आणि थायरॉइडचा अर्क दिला की वाढतो. म्हणजे शरीराची भट्टी किती जोरात पेटवायची, हे ही छोटी ग्रंथी ठरवते. 'थायरॉइड म्हणजे मेटाबॉलिझम, मेटाबॉलिझम म्हणजे वजन' ही आपल्या डोक्यात बसलेली साखळी इथून सुरू झाली. पहिली कडी पक्की आहे. दुसरी कडी वाटते तितकी पक्की नाही, आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच झाले.

बोस्टनचं 'नॉर्मल'

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थायरॉइड तपासायचा रूढ मार्ग म्हणजे बीएमआर. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी निपचित पडून राहायचं, नाकाला चिमटा लावायचा आणि तोंडातल्या नळीने श्वास घ्यायचा. किती ऑक्सिजन लागला त्यावरून उष्मांक काढायचे आणि उत्तर टक्क्यांत द्यायचं: 'नॉर्मल'पेक्षा इतके टक्के वर किंवा इतके टक्के खाली.

पण 'नॉर्मल' कुणाचं? त्यासाठी तक्ते बनवले गेले. त्यातला सर्वांत गाजलेला आर्थर हॅरिस आणि फ्रान्सिस बेनेडिक्ट यांचा, १९१९ सालचा. बेनेडिक्ट यांची प्रयोगशाळा बोस्टनमध्ये होती. माहिती होती १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ तान्ह्या बाळांची. आज तुमच्या फोनमधलं एखादं फिटनेस अॅप 'तुम्हाला रोज इतक्या कॅलरी लागतात' असं सांगतं, तेव्हा त्यामागे याच समीकरणाचा वंश असू शकतो.

एक उदाहरण करून पाहू. वय ३०, उंची १६० सेंटीमीटर, वजन ६० किलो. हॅरिस-बेनेडिक्टच्या हिशोबाने बाईला दिवसाला साधारण १,३८५ कॅलरी लागतात, पुरुषाला सुमारे १,४९०. उंची, वजन, वय सगळं सारखं, तरी शंभरेक कॅलरींचा फरक. शिवाय दर दहा वर्षांनी बाईच्या खात्यातून आणखी ४७ आणि पुरुषाच्या खात्यातून ६८ कॅलरी वजा. हे पाहिलं की वाटतं, बायकांचं मेटाबॉलिझम जात्याच मंद आहे आणि तिशीनंतर सगळी उतरंडच आहे. समीकरणात एक गोष्ट मात्र नाही: त्या ६० किलोंत स्नायू किती आणि चरबी किती. ती आपण थोड्या वेळाने बघू.

हे तक्ते जगभर गेले, तेव्हा गडबड लगेच दिसली. मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या एलिनॉर मेसन यांनी बेनेडिक्ट यांच्यासोबत दक्षिण भारतीय स्त्रियांचा बीएमआर मोजला आणि १९३१ साली प्रसिद्ध केला. अमेरिकी मानकांपेक्षा तो बराच खाली होता. आता या धडधाकट बायकांना आजारी म्हणायचं, की मानक अपुरं म्हणायचं? अशा वेळी हवामान, वंश, आहार अशी कारणं पुढे केली जात आणि वाद बरीच वर्षं चालला.

अमेरिकेत तर याच मोजमापाचा धंदा झाला. थकवा, वजन, उदासी यांपैकी काहीही असो, बीएमआर जरा खाली आला की 'मेटाबॉलिझम कमी आहे' म्हणून थायरॉइडच्या गोळ्या. वजन घटवायला ग्रंथीचा अर्क द्यायची कल्पना १८९० च्या दशकातच निघाली होती. १९५०-६० च्या दशकांत ती रंगीबेरंगी 'रेनबो पिल्स'पर्यंत पोचली. थायरॉइड, अँफेटामिन, लघवी वाढवणारी औषधं आणि हृदयावरची औषधं यांची ती मिसळ होती, आणि गिऱ्हाईक मुख्यतः बायका. मृत्यू झाले तेव्हा १९६८ साली अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. आज तिथे थायरॉइडच्या औषधांवर ठळक इशारा छापलेला असतो, की ही औषधं वजन घटवण्यासाठी नाहीत. रक्तातली पातळी नॉर्मल असताना मोठा डोस घेतला तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

हाक मारणारी आई

१९६० च्या दशकात रक्तातली सूक्ष्म हार्मोन्स मोजायचं तंत्र आलं. त्यासाठी रोझलिन यालो यांना १९७७ सालचं नोबेल मिळालं. या तंत्राने टीएसएच मोजता येऊ लागलं. टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतं. आई स्वयंपाकघरातून हाक मारते असं समजा. पोरगं लगेच उठलं तर आवाज साधाच राहतो. ऐकलं नाही की आवाज चढत जातो. टीएसएच म्हणजे त्या आवाजाची पट्टी. ग्रंथी थोडीशी जरी ढिली पडली, तरी आवाज आधी चढतो आणि टी-४ नंतर घसरतं. त्यामुळे एक नवीनच गट जन्माला आला: टीएसएच जास्त, पण टी-४ नॉर्मल. याला म्हणतात सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम. फॅमिली ग्रुपवर येणारे बरेचसे रिपोर्ट याच गटातले असतात.

हा गट किती मोठा आणि त्यात कोण, याचं पहिलं भरभक्कम उत्तर इंग्लंडच्या ईशान्येला, मरे यांच्या न्यूकॅसलपासून जवळच असलेल्या व्हिकम भागात मिळालं. १९७२ ते १९७४ दरम्यान तिथल्या २,७७९ प्रौढांना तपासलं गेलं. दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हेत, सरसकट लोकवस्तीतली माणसं. टीएसएच ६ च्या वर असलेल्या स्त्रिया ७.५ टक्के, पुरुष २.८ टक्के. पुरुषांत वयाप्रमाणे टीएसएच फारसं बदललं नाही. स्त्रियांत मात्र पंचेचाळिशीनंतर चांगलंच वाढलं. आणि ज्यांच्या रक्तात थायरॉइडविरोधी अँटिबॉडी होत्या त्यांना बाजूला काढलं, तर ही वाढ जवळपास नाहीशी झाली. म्हणजे वय हे कारण नव्हतं. वयाबरोबर अनेक बायकांत साठत जाणारा हाशिमोतोचा आजार हे कारण होतं. वीस वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं तेव्हा दिसलं, की ज्या स्त्रियांत टीएसएच जास्त आणि अँटिबॉडीही होत्या, त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के जणींची थायरॉइड पूर्ण मंदावली.

व्हिकमचा आणखी एक निष्कर्ष फारसा कुणी सांगत नाही. किंचित मंदावलेल्या थायरॉइडमुळे उपाशीपोटीचं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड लक्षणीय वाढल्याचं तिथे दिसलं नाही. थायरॉइड खरोखर बंद पडली तर कोलेस्टेरॉल वाढतं, हे निर्विवाद आहे. किंचित बिघाडाचं गणित तितकं सरळ नाही.

कोलेस्टेरॉल बायकांचं, प्रयोग पुरुषांवर

थायरॉइडने कोलेस्टेरॉल उतरतं ना, मग हृदयरोग्यांनाच ते दिलं तर? अमेरिकेतल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्टने १९६० च्या दशकात हे करून पाहिलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ८,३४१ रुग्ण होते, आणि ते सगळेच पुरुष. औषधांपैकी एक होतं डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनचंच आरशातलं प्रतिबिंब. कोलेस्टेरॉल उतरलं खरं, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होऊ लागले आणि तो भाग मध्येच बंद करावा लागला. रिपोर्टवरचा आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नाही, हे त्या रुग्णांनी जीव देऊन शिकवलं. ज्या हार्मोनचे बहुतेक रुग्ण स्त्रिया, त्याच्या हृदयावरच्या परिणामाच्या एवढ्या मोठ्या चाचणीत एकही स्त्री नव्हती, हेही लक्षात ठेवा.

वय वाढलं की आकडा का चढतो?

अमेरिकेत १९८८ ते १९९४ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकडेवारीने व्हिकमच्या निष्कर्षाला छेद दिला. थायरॉइडचा आजार नसलेल्यांत, अँटिबॉडी नसलेल्यांतही, वयाप्रमाणे टीएसएच वर सरकताना दिसलं. विशीतल्या लोकांत नॉर्मलची वरची हद्द ३.६ च्या आसपास, आणि ऐंशीच्या पुढे ती जवळजवळ ७.५. नेदरलँड्समधल्या लायडनला ८५ वर्षांच्या वृद्धांचा अभ्यास झाला. त्यात टीएसएच जास्त असलेल्यांचं पुढच्या चार वर्षांत काही बिघडलं नाही, उलट त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी होतं. आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट चाचणीत ६५ वर्षांवरच्या, सबक्लिनिकल गटातल्या ७३७ जणांपैकी अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना खोटी दिली. वर्षभराने थकव्यात किंवा इतर लक्षणांत फरक नव्हता.

आता त्या 'मेटाबॉलिझम मंदावलं'कडे वळू. २०२१ साली हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांचा ऊर्जाखर्च एकत्र मांडला. सर्वांत लहान आठ दिवसांचं बाळ, सर्वांत मोठी व्यक्ती ९५ वर्षांची. त्यांनी नेमकी तीच गोष्ट हिशोबात धरली जी १९१९ च्या समीकरणात नव्हती: चरबी वगळून उरणारं शरीर. ती धरल्यावर स्त्री आणि पुरुष यांच्यातला फरक मावळला. विशीपासून साठीपर्यंत आलेख जवळजवळ सपाट, गरोदरपणातसुद्धा. खरी उतरण साठीनंतर, वर्षाला ०.७ टक्क्यांच्या आसपास. तिशी-चाळिशीत पोट सुटतं त्याचं खापर मंदावलेल्या भट्टीवर फोडता येणार नाही.

थायरॉइड खरंच मंदावलेली असेल तर? तेव्हाही तिच्यामुळे वाढलेलं वजन साधारण अडीच ते साडेचार किलो असतं, आणि त्यात मीठ आणि पाण्याचा वाटा मोठा असतो. गोळीने ते उतरतं. पंधरा किलो उतरत नाहीत. मग बाई स्वतःलाच दोष देत बसते.

आपल्या रिपोर्टकडे कसं बघायचं

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक गाठ आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा आणि उंचीची पट्टी यांना जे दिसत नाही, ते आपल्या शरीरांत जास्त आहे. म्हणून मराठी घरातल्या मधुमेहाचा आणि कोलेस्टेरॉलचा विचार करताना सगळं थायरॉइडच्या माथी मारलं, तर कंबरेचा घेर, स्नायू आणि रक्तातली साखर या गोष्टी नजरेआड होतात.

याचा अर्थ थायरॉइड क्षुल्लक आहे असा अजिबात नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ भारतीय शहरांच्या पाहणीत ५,३७६ प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांना हायपोथायरॉइडिझम आढळला, आणि स्त्रियांत तो बराच जास्त होता. ज्यांची ग्रंथी खरोखर मंदावली आहे, त्यांना गोळी आयुष्य परत देते. मरे यांच्या त्या रुग्णाने हे २८ वर्षं सिद्ध केलं. कुणाची गोळी चालू असेल तर हा लेख वाचून बंद करायला सांगू नका.

त्या दोन आकड्यांचं मग काय? ३२ वर्षांच्या बहिणीचं ४.८ तिच्या वयाला थोडं जास्तच आहे. तिने टी-४ आणि अँटिबॉडी पाहाव्यात, काही आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावं, आणि बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण गरोदरपणात हद्दीही वेगळ्या आणि बाळाची गरजही वेगळी. तिला "टेन्शन घेतेस म्हणून दमतेस" असं म्हणून वाटेला लावू नये. ६८ वर्षांच्या आईचं ६.१ तिच्या वयात बऱ्याचदा निरुपद्रवी असतं. तिच्या डॉक्टरांना विचारा: ही रेंज कुठल्या वयाच्या लोकांची आहे? तपासणी पुन्हा करायची का? गोळीने नक्की काय सुधारणं अपेक्षित आहे? डोस जास्त झाला तर तिच्या हाडांना आणि हृदयाला काय धोका? हे प्रश्न परदेशातून फोनवरही विचारता येतात, आणि चांगल्या डॉक्टरांना ते आवडतात.

गलगंडाची आणि मिठाची गोष्ट इथे मुद्दाम बाजूला ठेवली आहे. १९५६ साली हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन घालून जो प्रयोग सुरू झाला, त्यावर पुढचा भाग आहे. तोवर घरातला एखादा जुना रिपोर्ट काढा आणि टीएसएचच्या शेजारी छापलेली रेंज वाचा. तिथे वय लिहिलं आहे का, ते आम्हाला कळवा.